धूर, पाणी, पगार : कंपनीच्या अहवालातले रकाने

गेल्या वर्षभरात कामावर किती माणसे दगावली, आणि त्यांत ठेकेदाराकडची किती? बोअरवेलमधून किती पाणी उपसले आणि बाहेरून किती विकत घेतले? एकूण पगारापैकी किती टक्के रक्कम बायकांच्या हातात पडली? पुरवठादारांची बिले सरासरी किती दिवसांनी चुकती केली? प्रदूषण मंडळाने काही दंड केला का?

हे प्रश्न कामगार संघटनेच्या मागणीपत्रातले वाटतील. प्रत्यक्षात ते सेबीने ठरवून दिलेल्या नमुन्यातले आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि बाजारमूल्याने पहिल्या १,००० क्रमांकांत येणाऱ्या कंपन्यांना दरवर्षी त्यांची उत्तरे द्यावी लागतात. या अहवालाचे पूर्ण नाव बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट. सगळेजण बीआरएसआर म्हणतात, आपणही तेच म्हणू. तो वार्षिक अहवालाचाच भाग असतो. सुरुवातीच्या गुळगुळीत पानांवर रोपे लावणारी मुले आणि हसणारे कामगार दिसतात. ती पाने खुशाल उलटावीत. मागे बारीक अक्षरांत, कोष्टकांनी भरलेली जी रूक्ष पाने येतात तिथे बीआरएसआर असतो.

आधी एक नेहमीची गल्लत दूर करू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. तो सीएसआर. गावात शाळेची खोली बांधून देणे, दवाखान्याला रुग्णवाहिका देणे हा त्यातला खर्च. बीआरएसआर वेगळा. त्यात खर्च करायला कोणी सांगत नाही. धंदा करताना तुम्ही हवेत, पाण्यात आणि माणसांच्या आयुष्यात काय काय केले ते लिहायला सांगतात. नफा कुठे वाटला यापेक्षा तो कसा मिळवला, हा प्रश्न जास्त अडचणीचा असतो.

हा नमुना एका दिवसात आलेला नाही. २०११ मध्ये कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायाची नऊ तत्त्वे ऐच्छिक म्हणून जाहीर केली. ऑगस्ट २०१२ मध्ये सेबीने पहिल्या १०० कंपन्यांना त्या तत्त्वांनुसार अहवाल देणे सक्तीचे केले. पुढे हा आकडा ५०० आणि मग १,००० झाला. पण जुन्या नमुन्यात ‘तुमचे याबाबत धोरण आहे का?’ अशा धर्तीचे प्रश्न फार होते, आणि धोरण नसलेली कंपनी कुठे सापडते? २०१९ मध्ये तत्त्वे सुधारली गेली, मंत्रालयाच्या समितीने २०२० मध्ये नवा नमुना सुचवला आणि १० मे २०२१ च्या परिपत्रकाने सेबीने तो स्वीकारला. २०२२-२३ च्या आर्थिक वर्षापासून तो पहिल्या १,००० कंपन्यांना सक्तीचा झाला. धोरणाच्या जागी आकडा मागितला, हा या सगळ्यातला खरा बदल.

नमुन्याचे तीन विभाग आहेत. ‘अ’ मध्ये कंपनीची ओळख: कारखाने किती, माणसे किती, बायका किती, सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण काय. ‘ब’ मध्ये धोरणे आणि संचालकांचे निवेदन. हा विभाग बहुतेक अहवालांत एकमेकांची नक्कल वाटावी इतका सारखा असतो. ‘क’ हा गाभा. नऊ तत्त्वांपैकी प्रत्येकाखाली दोन प्रकारचे प्रश्न येतात: काही आवश्यक, म्हणजे उत्तर द्यावेच लागते, आणि काही पुढारपणाचे, म्हणजे दिले तर कौतुक, नाही दिले तर चालते. कोणता प्रश्न कोणत्या गटात आहे ते आधी पाहावे, कारण बऱ्याच वेळा सगळ्यात बोचरा प्रश्न दुसऱ्या गटात असतो.

आता प्रत्यक्ष आकडा कसा तयार होतो ते पाहू. धरून चालू, की चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे. उलाढाल २,००० कोटी रुपये. वर्षभरात तिने जनरेटर आणि भट्ट्यांसाठी ५ लाख लिटर डिझेल जाळले. एक लिटर डिझेल जळले की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे १,३५० टन झाले. स्वतःच्या आवारात जाळलेल्या इंधनाचा हा धूर म्हणजे स्कोप १. शिवाय तिने ग्रिडची ३ कोटी युनिट वीज वापरली. हा धूर तिच्या आवारात दिसत नाही. तो चंद्रपूर किंवा कोराडीच्या चिमणीतून निघतो. पण वीज हिने वापरली, म्हणून हिशेब हिच्या नावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरण देशाच्या ग्रिडसाठी दर युनिटमागचा सरासरी आकडा प्रसिद्ध करते. तो अलीकडे ०.७ किलोच्या आसपास आहे. म्हणजे २१,००० टन. हा स्कोप २. दोन्ही मिळून २२,३५० टन.

इथपर्यंत सरळ गुणाकार आहे. बिले आणि मीटरची नोंद नीट ठेवली तर कोणताही अकाउंटंट हे करेल. खरी गंमत पुढे आहे. नमुना म्हणतो, या आकड्याला उलाढालीने भागा. आपल्या कंपनीसाठी उत्तर येते कोटीमागे सुमारे ११.२ टन. यालाच तीव्रता म्हणतात, आणि अहवालाच्या पहिल्या पानांवर ‘आम्ही तीव्रता ९ टक्क्यांनी घटवली’ असे जे छापतात ते याच भागाकारावरून.

समजा, पुढच्या वर्षी कंपनीने भागांच्या किमती १० टक्के वाढवल्या. उत्पादन तेवढेच, डिझेल तेवढेच, वीज तेवढीच. उलाढाल झाली २,२०० कोटी. २२,३५० ला २,२०० ने भागा: १०.२ टन. तीव्रता ९ टक्क्यांनी उतरली आणि धुरात एक किलोचाही फरक पडला नाही. म्हणून नमुन्यात आणखी एक रकाना आहे, तो आधी वाचावा: उत्पादनाच्या एककामागे धूर किती. पोलादाचा टन, सिमेंटचा टन, एक मोटारगाडी, असा तो छेद असतो. किंमत बदलली म्हणून टन बदलत नाही. आणखी एक भागाकार क्रयशक्तीनुसार बदललेल्या उलाढालीने करायचा असतो, म्हणजे परदेशी कंपनीशी तुलना करता यावी. बाजारात डॉलरला ८० च्या वर रुपये पडत असले तरी खरेदीच्या ताकदीने पाहिले तर तो सुमारे २० रुपयांचा भरतो, असा नाणेनिधीचा हिशेब आहे. गुंतवणूकदार फंडांना याचा उपयोग. तुम्हाआम्हाला उत्पादनामागचा आकडा पुरेसा आहे.

छेदाइतकीच महत्त्वाची असते हद्द. आपल्या कंपनीने ओतकामाची भट्टी बंद केली आणि तेच ओतकाम कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावमधल्या एका फौंड्रीला दिले, तर तिचा स्कोप १ आणि स्कोप २ धाडकन खाली येईल. धूर मात्र चाकणहून कोल्हापूरला गेला, एवढेच. कागदोपत्री तो आता स्कोप ३ मध्ये मोडतो: पुरवठादार, वाहतूक, आणि विकलेली वस्तू वापरताना होणारा धूर. मोटार बनवणाऱ्या कंपनीचा बहुतेक सगळा धूर याच प्रकारचा असतो, कारण गाडी रस्त्यावर वर्षानुवर्षे पेट्रोल जाळते. आणि स्कोप ३ हा पुढारपणाच्या, म्हणजे ऐच्छिक, प्रश्नांत आहे. हद्दीचा दुसरा प्रश्न ‘अ’ विभागातच विचारलेला असतो: हे आकडे एकट्या मूळ कंपनीचे की उपकंपन्यांसह? एका वर्षी एकटीचे आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांचे, असे झाले तर दोन्ही वर्षांची तुलना करणे व्यर्थ. ही ओळ वाचल्याशिवाय पुढचे एकही कोष्टक वाचू नये, असे माझे मत आहे.

पाण्याच्या कोष्टकात स्रोत वेगळे मांडावे लागतात: नदी-तलावाचे, जमिनीखालचे, दुसऱ्याकडून घेतलेले, समुद्राचे. एमआयडीसीच्या नळाचे पाणी ‘दुसऱ्याकडून’ मध्ये जाते. मग सोडलेले पाणी कुठे सोडले आणि त्यावर कुठवर प्रक्रिया केली होती, हेही लिहायचे असते. लातूर किंवा संभाजीनगरकडच्या वाचकाला जो प्रश्न आधी सुचेल, की ज्या भागात पाण्याचा तुटवडा आहे तिथून किती उचलले, तो इथेही ऐच्छिक गटात ठेवला आहे. कंपनीभरची एकच बेरीज दिली की कोकणातला कारखाना मराठवाड्यातल्या कारखान्याला झाकून टाकतो.

कचऱ्यावर फार थांबत नाही. प्लॅस्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, बांधकामाचा राडारोडा, घातक कचरा असे प्रकार वेगळे द्यावे लागतात आणि किती परत वापरला, किती जाळला, किती पुरला तेही. ‘पुनर्वापरासाठी दिला’ याचा अर्थ पुष्कळदा भंगारवाल्याच्या वजनाची पावती एवढाच असतो.

माणसांचे रकाने मला सगळ्यात वाचनीय वाटतात. नमुना ‘कर्मचारी’ आणि ‘कामगार’ वेगळे मोजतो, आणि दोघांतही ‘कायम’ आणि ‘कायमव्यतिरिक्त’ असे दोन भाग करतो. शेवटचा भाग म्हणजे मुख्यतः ठेकेदाराची माणसे. बऱ्याच कारखान्यांत हा आकडा कायम कामगारांपेक्षा मोठा निघतो, आणि तो असा छापून यायला लागला ही साधी गोष्ट नाही. पूर्वी या माणसांचा उल्लेख जमाखर्चात ‘ठेका खर्च’ म्हणून व्हायचा. तिथे डोकी दिसत नसत. किती जणांना नेमके किमान वेतन मिळते आणि किती जणांना त्याहून जास्त, हेही इथेच सांगावे लागते. पगाराची सरासरी न मागता मधला आकडा मागितला आहे, आणि तोही पुरुषांचा वेगळा व बायकांचा वेगळा. सरासरी एका मोठ्या साहेबाच्या पगाराने फुगते. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे केले की मधोमध येणाऱ्याचा पगार फुगत नाही. एकूण मनुष्यबळात बायका १२ टक्के आणि पगाराच्या रकमेत त्यांचा वाटा ७ टक्के असे दोन आकडे दोन वेगळ्या पानांवर दिसले, तर त्या कोणत्या कामांवर आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

अपघातांचा आकडा मात्र सावधपणे वाचावा. त्याचे सूत्र असे: कामाचा वेळ बुडवणाऱ्या अपघातांची संख्या गुणिले १० लाख, भागिले सर्वांनी मिळून केलेल्या कामाचे तास. आपल्या कंपनीत ३,००० माणसे वर्षाला प्रत्येकी २,४०० तास काम करतात असे धरले तर ७२ लाख तास होतात. नऊ अपघात झाले तर दर येतो १.२५. यात दोन फटी आहेत. बोट चेचलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून ऑफिसात खुर्चीवर बसवले, की वेळ ‘बुडत’ नाही आणि अपघात मोजला जात नाही. दुसरी फट तासांची: ठेकेदाराचा हजेरीपट सैल असेल तर छेदातले तास अंदाजपंचे भरले जातात. मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांचे आकडे लपवणे त्या मानाने कठीण, आणि त्यांत कंत्राटी माणसे धरावीत असे नमुन्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून १.२५ सारख्या दरापेक्षा आधी मृत्यूंचा रकाना पाहावा. लैंगिक छळाच्या तक्रारींबाबत उलटे आहे. दहा हजार बायका कामाला असताना वर्षानुवर्षे ‘शून्य’ लिहिलेले असेल तर ते सुरक्षिततेचेच लक्षण असेल असे नाही. तक्रार समितीपर्यंत कोणी पोहोचतच नसेल, असेही असू शकते.

आकडे कंपनीनेच भरायचे आणि कंपनीनेच छापायचे, तर खरे-खोटे कोण पाहणार? यावर उपाय म्हणून १२ जुलै २०२३ ला सेबीने बीआरएसआर कोअर आणला. मोठ्या नमुन्यातून नऊ विषय निवडले: धूर, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांचे कल्याण व सुरक्षा, स्त्रियांचा सहभाग, लहान गावांत आणि लहान उद्योगांपर्यंत जाणारा पैसा, ग्राहक-पुरवठादारांशी वागणूक, आणि व्यवहार किती थोड्या हातांत एकवटले आहेत ते. या नऊ विषयांचे आकडे बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाकडून तपासून घ्यायचे. २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्या, पुढच्या वर्षी २५०, मग ५००, आणि २०२६-२७ पासून पूर्ण १,००० असा टप्पा ठरला.

तपासणीचे दोन दर्जे असतात आणि तपासनिसाच्या एका वाक्यावरून ते ओळखता येतात. वरच्या दर्जात तपासनीस मीटर पाहतो, बिले जुळवतो, काही कारखान्यांना भेट देतो आणि ‘आमच्या मते हे आकडे सर्व महत्त्वाच्या बाबतींत बरोबर आहेत’ अशा अर्थाचे लिहून देतो. खालच्या दर्जात तो इतकेच म्हणतो, की आकडे चूक आहेत असे वाटावे असे काही आमच्या नजरेस आले नाही. कोअरसाठी वरचा दर्जा मागितला आहे. तपासनीस चार्टर्ड अकाउंटंटच असला पाहिजे असे नाही. पण ज्या संस्थेने कंपनीला सल्ला विकला तिनेच तपासणी करू नये, अशी अट आहे. डिसेंबर २०२४ च्या बैठकीत सेबीने नियमात अशा तपासणीसाठी असलेल्या ‘हमी’ या शब्दाला ‘किंवा मूल्यांकन’ असा पर्याय जोडला. उद्योगांची तक्रार खर्चाची होती आणि ती खोटी नव्हती; तरी ज्या सुधारणेचा सगळा जोर तपासणीवर होता तिथेच असा पर्याय देणे मला तरी पटलेले नाही.

त्याच बैठकीत पुरवठा साखळीचा नियमही सैल झाला. २०२३ च्या योजनेत पहिल्या २५० कंपन्यांनी खरेदी-विक्रीचा ७५ टक्के भाग ज्यांच्याशी होतो त्या सगळ्या भागीदारांची माहिती द्यायची होती. आता एकट्याने खरेदीच्या किंवा विक्रीच्या २ टक्के किंवा अधिक भाग असणारेच धरायचे, तेही एक वर्ष उशिरा आणि ऐच्छिक म्हणून. आपल्या चाकणच्या कंपनीची खरेदी १,२०० कोटींची असेल तर २ टक्के म्हणजे २४ कोटी. वर्षाला ५ कोटींचे ओतकाम देणारी ती गोकुळ शिरगावची फौंड्री नियमातून आपोआप सुटली. यात तिचे भलेही आहे. कोक किती जाळला आणि कामाचे तास किती भरले, याची एक्सेल शीट भरायला लहान फौंड्रीत वेगळा माणूस नसतो. जी शीट येते ती मालकाचा मुलगा किंवा अकाउंट्सवाली बाई रात्री बसून भरते. पण साखळीत धूर आणि धोका जिथे जास्त, तिथली माणसेही नेमकी या २ टक्क्यांच्या खाली राहतात.

सैल करण्याची ही हवा फक्त मुंबईची नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये ५०० हून अधिक कर्मचाऱ्यांच्या मोठ्या सार्वजनिक महत्त्वाच्या कंपन्यांना असे अहवाल सक्तीचे केले, २०२२ मध्ये नियम कितीतरी कडक आणि व्यापक केले, आणि २०२५ मध्ये घड्याळ थांबवून अनेक कंपन्यांना मुदत वाढवून दिली. तरी आपल्या पोलाद आणि ॲल्युमिनियम निर्यातदारांची सुटका नाही. युरोपच्या सीमेवर कार्बनचा हिशेब मागण्याची पद्धत ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, आणि २०२६ पासून त्यावर पैसे मोजण्याचा टप्पा आला. तिथे मागतात तो आकडा टनामागचाच असतो. उलाढालीचा छेद तिथे चालत नाही.

महाराष्ट्रातून पाहताना एक पोकळी ठळक दिसते. हा नियम शेअरला लागू होतो, चिमणीला नाही. खाजगी साखर कंपनी शेअर बाजारात असेल आणि पहिल्या १,००० मध्ये बसत असेल तर तिला मळीपासून मजुरीपर्यंत सगळे लिहावे लागेल. शेजारच्या तालुक्यातला तेवढाच ऊस गाळणारा सहकारी कारखाना सेबीच्या कक्षेतच येत नाही. मुकादमामार्फत आलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दोन्हीकडे सारख्याच. बाजारात शेअर नसलेल्या मोठ्या परदेशी उपकंपन्याही बाहेरच. मंत्रालयाच्या २०२० च्या समितीने ठरावीक आकारापुढच्या नोंद नसलेल्या कंपन्यांनाही टप्प्याटप्प्याने यात आणावे आणि लहानांसाठी सुटसुटीत नमुना ठेवावा, असे सुचवले होते. सक्ती मात्र बाजारात नोंदलेल्यांपुढे गेली नाही. उलट, चार खोल्यांचे ऑफिस असलेली पण बाजारमूल्याने वर असलेली वित्तसंस्था पानेच्या पाने ‘लागू नाही’ लिहीत बसते.

आकडा वाईट आला म्हणून सेबी कोणाला दंड करत नाही. तुम्ही किती धूर सोडावा हे ती सांगत नाही. सोडला तेवढा लिहा म्हणते. त्यामुळे पुढचे काम वाचणाऱ्याचे. आणि वाचणाऱ्याकडे पडताळणीची साधने आहेत. कारखान्याला प्रदूषण मंडळाकडे दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र द्यावे लागते, त्यातही पाणी आणि कच्च्या मालाचा वापर असतो. ज्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागली त्यांना अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. मंडळाच्या संमतीपत्रात पाण्याची मर्यादा घनमीटर प्रतिदिन अशी असते, तर बीआरएसआर वर्षाचे किलोलिटर देतो. एक घनमीटर म्हणजेच एक किलोलिटर, तेव्हा फक्त चालू दिवसांनी गुणायचे राहते. दोन आकडे जुळले नाहीत तर आधी हद्द तपासावी, कारण संमतीपत्र एका कारखान्याचे असते आणि बीआरएसआर सगळ्या कारखान्यांचा. हद्द एकच असूनही आकडे जुळत नसतील, तर वार्षिक सभा आहेच. तिथे बोलायला एक शेअरही पुरतो. नाव आधी नोंदवावे लागते, आणि प्रश्न लेखी पाठवलेला असला म्हणजे ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हणायला सवड राहत नाही.